या आठवड्यात वर्गात काय शिकवलं?

"काय रे, आज शाळेत काय शिकवलं?"

"काही नाही."

घरात सहावी-सातवीतलं मूल असेल, तर हा संवाद तुम्हांला पाठ असेल. सात-आठ तासिका झाल्या, पाच-सहा शिक्षक येऊन गेले, फळा कितीदा तरी भरला आणि पुसला गेला, आणि चिरंजीवांच्या मते काहीच घडलं नाही! हेच मूल पहिली-दुसरीत असताना बाईंच्या साडीच्या रंगापासून शेजारच्या मुलाच्या डब्यातल्या भाजीपर्यंत सगळं सांगत होतं. नको नको म्हटलं तरी सांगत होतं. आता विचारावं तर खांदे उडवून क्रिकेट खेळायला पळतं.

यात मुलांचा दोष नाही. वयच तसं असतं. पण आणखी एक गोष्ट याच सुमाराला घडते, आणि ती आपल्या सहसा ध्यानात येत नाही. चौथी-पाचवीपर्यंत बहुतेक विषय एकच बाई शिकवतात. फाटकाशी त्या भेटल्या, की "बाई, कसं चाललंय आमच्या बाळाचं?" एवढं विचारलं तरी काम भागतं. सहावीपासून मात्र गणिताचे सर वेगळे, विज्ञानाच्या बाई वेगळ्या, इंग्रजीला आणखी कोणी. विचारायचं कोणाला? मूल बोलत नाही आणि शिक्षक पाच-सहा झालेले. घर आणि वर्ग यांच्यातला धागा नेमका इथे तुटतो.

मी घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी उभी असते. सकाळी फळ्याकडे तोंड आणि संध्याकाळी घरच्या "काही नाही"कडे! म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

कळतं, पण केव्हा?

तुम्ही म्हणाल, प्रगतिपुस्तक येतं की! येतं ना. पण केव्हा येतं ते पाहा. शाळा जूनमध्ये सुरू होते. अपूर्णांकांचा गुणाकार समजा ऑगस्टमध्ये शिकवून झाला. सत्रपरीक्षा दिवाळीच्या आधी. पेपर तपासून हातात येईपर्यंत फराळ होऊन गेलेला असतो. म्हणजे ऑगस्टमध्ये न कळलेलं आपल्याला नोव्हेंबरात समजतं, तेही "गणितात कमी पडले" एवढंच. नेमकं काय अडलं, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

इतिहासातला एखादा धडा राहिला, तर पुढचा धडा त्यावाचून अडत नाही. गणिताचं तसं नाही. सहावीच्या पुस्तकात अपूर्णांक येतात, मग दशांश अपूर्णांक, पुढे गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा आणि सरळव्याज. ही सगळी एकाच माळेतली. अपूर्णांक कच्चा राहिला तर शतमान कच्चं आणि शतमान कच्चं तर सरळव्याज नुसतं पाठ केलेलं सूत्र. तीन महिन्यांनी कळून उपयोग काय? वरातीमागून घोडं!

आणि आता निभावून जाण्याचे दिवसही राहिलेले नाहीत. शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत कोणाला मागं ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. २०१९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. तीत मूल उत्तीर्ण झालं नाही, तर पुन्हा परीक्षा. तिथंही नाही जमलं, तर त्याच वर्गात. सहावी-सातवीची दोन वर्षं गाफीलपणात गेली, तर आठवीच्या परीक्षेत ती समोर येऊन उभी राहतात.

हा हक्क आहे, उपकार नव्हे

"शिक्षकांना सारखं काय विचारायचं? बरं दिसत नाही," असं पुष्कळ आयांना वाटतं. शिकलेल्यांनाही वाटतं. त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकांची कर्तव्यं दिलेली आहेत. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यात झालेली प्रगती यांची माहिती पालकांना नियमित बैठका घेऊन द्यावी, हे त्यांपैकी एक. याच कायद्याप्रमाणे विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया. तेव्हा विचारायला संकोच कसला?

आणखी एक आकडा पाहा. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं व्हावं, असं कायदा सांगतो. हजार तास! त्यांतल्या किती तासांचा पत्ता आपल्याला असतो? दुधाच्या एका पिशवीचा हिशोब चुकला तर आपण कॅलेंडर काढून बसतो.

चिठ्ठी एक, ओळी सात

उपाय फार मोठा नाही. दर शनिवारी वर्गशिक्षकांनी एक चिठ्ठी घरी पाठवायची. प्रत्येक विषयाची एकच ओळ. विषयशिक्षकांनी ती ओळ शुक्रवारी वर्गशिक्षकांकडे द्यायची. ज्यानं त्यानं आपली ओळ लिहायची, तर दोन मिनिटांचं काम. २२० दिवसांचे आठवडे होतात छत्तीस-सदतीस. म्हणजे वर्षाला चिठ्ठ्याही तेवढ्याच. यात अवघड ते काय?

ओळ कशी लिहायची, याला मात्र महत्त्व आहे. "प्रकरण ४, उदाहरणसंग्रह १० पूर्ण" असं लिहिलं तर घरी कोणाला काही बोध होत नाही. मूल आता काय करू शकलं पाहिजे, ते लिहावं. सहावीच्या वर्गासाठी नमुना देते. सोयीसाठी वर्षभरातले वेगवेगळे धडे एकत्र घेतले आहेत.

गणित – दोन अपूर्णांकांचा गुणाकार करता आला पाहिजे. घरी विचारा: पाऊण वाटीचं निम्मं किती?

विज्ञान – साधी यंत्रे. तरफेत टेकू, भार आणि बल कुठे असतं ते दाखवता आलं पाहिजे. घरातली कात्री, अडकित्ता आणि चिमटा पुढे ठेवा.

भूगोल – अक्षांश-रेखांश. नकाशात आपल्या गावाची जागा शोधून दाखवायला सांगा.

इतिहास – हडप्पा संस्कृती. तिथल्या घरांची आणि सांडपाण्याची व्यवस्था मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगावी.

नागरिकशास्त्र – स्थानिक शासन. आपल्या भागातलं पाणी आणि कचरा कोण पाहतं ते विचारा.

मराठी आणि इंग्रजी – या आठवड्यातले पाच नवे शब्द वाक्यात वापरायला सांगा.

शेवटी एक ओळ, पुढच्या आठवड्यात काय येणार याची. झाली चिठ्ठी!

आईला येत नसेल तर?

हा प्रश्न हमखास येतो. "मी चौथी शिकलेली, मला काय कळणार?" किंवा "मुलगी इंग्रजी माध्यमात, माझं सगळं शिक्षण मराठीत." मैत्रिणींनो, आईनं शिकवायचं नाहीच मुळी. तिनं विचारायचं आणि ऐकायचं. कात्रीत टेकू मध्ये असतो, अडकित्त्यात भार मध्ये असतो आणि चिमट्यात बल मध्ये असतं, हे मुलगी हातानं दाखवते आहे की नुसती घोकलेली व्याख्या म्हणते आहे, हे ओळखायला पदवी लागत नाही. आपलं मूल अडखळलं की आईला ते चेहऱ्यावरून कळतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे चारला उठायचं आणि दुपारपर्यंत शंभर-सव्वाशे पोळ्या लाटायच्या. मुलगी शांत आणि नीटनेटकी, वही तर मोत्यासारखी. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण पाठांतरावर पास होत होती. चिठ्ठी जाऊ लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ही आई शाळेत आली. कपाळावर पीठ तसंच होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही चिठ्ठीत लिवलं होतं ना, पाऊण वाटीचं निम्मं, ते मी तिला विचारलं. तर म्हणाली पाव वाटी. मी म्हटलं अगं, पाव अन् पाव मिळून अर्धी होते, पाऊण कशी होईल? तर रडायलाच लागली. पोरीला कळत नाही हो हे, अन् ती सांगत नाही."

चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माउलीनं जे पकडलं, ते मुलीच्या सुबक वहीत कोणालाच दिसलं नसतं, कारण वहीत सगळं फळ्यावरून बरोबर उतरवलेलं होतं. मग मधल्या सुट्टीत रोज पंधरा मिनिटं, असं दोन महिने मी तिला घेऊन बसले. कागदाच्या पट्ट्या दुमडून, रंगवून अर्धं, पाव, पाऊण यांपासून सुरुवात केली. मुलगी गणितात पहिली आली, असं काही झालं नाही. पण काठावरची होती ती बरी झाली. मुख्य म्हणजे "आठवी झाली की पुरे, मग केंद्रावर मदतीला घेऊ" असं जे घरात बोललं जात होतं, ते थांबलं. आता ती नववीत आहे. पोळ्या लाटायला मदत करते, पण शाळेतून आल्यावर.

फोनचा गट असताना चिठ्ठी कशाला?

हल्ली वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅपचे गट असतात. सोय चांगलीच आहे. पण त्या गटात सकाळी फुलांची चित्रं, दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा, संध्याकाळी कोणाची तरी हरवलेली पाण्याची बाटली, आणि त्या गर्दीत गणिताची ओळ कुठल्या कुठे जाते. शिवाय कित्येक घरांत फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर. म्हणून कागदाची चिठ्ठी बरी. वहीत चिकटवावी, खाली पालकांनी सही करावी. सही येत नसेल तर मुलानं आईला चिठ्ठी वाचून दाखवावी, त्यातही त्याची उजळणी होतेच. ज्यांना फोन सोयीचा, त्यांना त्याच चिठ्ठीचा फोटो पाठवावा. मात्र एखाद्या मुलाचं काय चुकलं, कोणाला किती कमी पडले, हे गटावर कधीही येऊ नये. ते त्या मुलाच्या आईवडिलांशीच आणि समोरासमोर बोलायचं.

आयांनाही एक सांगायचं आहे. या चिठ्ठीची छडी करू नका. "बघ, चिठ्ठीत लिहिलंय आणि तुला येत नाही!" असं एकदा झालं, की पुढच्या शनिवारी चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाईल. सगळे विषय एका दिवशी विचारू नका. जेवताना एक, भाजी निवडताना एक. उत्तर आलं नाही तर रागावण्याऐवजी चिठ्ठीवरच लिहा: "हे कळलेलं नाही." ती ओळ परत शाळेत गेली पाहिजे. शाळेतून घरी येणारी माहिती अर्धीच. घरून शाळेत जाणारी अर्धी मिळाली, की काम पूर्ण होतं. आणि हे काम एकट्या आईचंच आहे असंही नाही. बाबांनी एक शनिवार आपल्याकडे घ्यावा, आजीआजोबांनी एक.

शाळा चिठ्ठी देत नसेल तर

तर वाट पाहत बसू नका. घरच्या घरी एवढं करता येईल:

१. वेळापत्रकाची एक प्रत स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला लावा. "काय शिकवलं?" असं मोघम विचारण्याऐवजी "आज तिसऱ्या तासाला भूगोल होता ना, कुठला नकाशा काढला?" असं विचारा. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

२. प्रत्येक पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत, शिकवून झालेल्या धड्यापुढे मुलाला तारीख घालायला सांगा. कळला असेल तर बरोबरची खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह. महिन्याभरात सगळं चित्र एका पानावर दिसतं.

३. पुस्तक शाळेतच राहत असेल, तर बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती फोनवर उतरवून ठेवा.

४. पालकसभेला जाताना "कसा आहे हो आमचा?" हा प्रश्न घरी ठेवून जा. प्रश्नचिन्हं केलेली अनुक्रमणिका बरोबर न्या आणि एकेका धड्यावर बोट ठेवून विचारा. मी शिक्षिका म्हणून सांगते, अशी आई समोर आली की आम्हांलाही नेमकं बोलता येतं.

५. चार-पाच आयांनी मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि वर दिलेला नमुना दाखवा. सगळ्या वर्गांना लगेच नको. एका तुकडीला, एका सत्रापुरती चिठ्ठी सुरू करून पाहा म्हणावं. बहुतेक शाळांत "नको" असं कोणी म्हणत नाही. कोणी मागितलेलंच नसतं.

आज घरी गणिताची वही उघडा. अगदी शेवटचं सोडवलेलं उदाहरण काढा, वही मिटा आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर करायला सांगा. आलं, तर पाठीवर शाबासकी. नाही आलं, तर सोमवारी शाळेत काय विचारायचं ते तुम्हांला कळलं.