पुळणीलगतची विहीर गोडी कशी राहते?

कोकणात पुळणीला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या असतात, वाडीत विहीर असते, आणि पाणी चक्क गोडं! कारण साधं आहे. मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं.

आता गंमत बघा. विहिरीतली पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर गोडं पाणी खाली साधारण ४० मीटरपर्यंत असतं. डच अभियंता घायबेन आणि जर्मन अभियंता हेर्झबर्ग यांचं हे गणित. पण ते उलटंही लागू होतं: पातळी कायमची अर्धा मीटर उतरली, की खारं पाणी हळूहळू २० मीटर वर चढतं. (हे वाळूतलं झालं. कातळाच्या भेगांत सगळाच हिशेब वेगळा.)

पातळी इतकी उतरेल एवढा उपसा रहाटाला झेपायचाच नाही, पंपाला झेपतो. दिवसभर पंप चालला की बरोब्बर त्याच्याखाली खारं पाणी शंकूसारखं वर येतं. म्हणून उथळ, रुंद विहीर आणि थांबून थांबून उपसा. पाणी मचूळ लागलं म्हणून बोअर आणखी खोल नेणं हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार!

ॲमस्टरडॅमने १८५३पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतलं पाणी वापरलं. उपसा वाढला, खारं पाणी वर सरकलं. १९५७पासून तिथे ऱ्हाइन नदीचं पाणी आणून त्याच टेकड्यांत मुरवतात. आपल्याला नदी आणायची गरज नाही. पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं तरी पुष्कळ. आणि एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा वहीत टिपा. तो चढू लागला की पंपाचे तास लगेच कमी करा.