रजिस्टर उघडं असतं तेव्हा

सकाळी ८. चार्ज घेताना औषधांच्या ट्रॉलीआधी मी एमएलसी, म्हणजे मेडिकोलीगल केसेसचं, रजिस्टर उघडते. रात्रीच्या एका नोंदीत ओळखखुणांचा रकाना कोरा आहे. रात्रीचे डॉक्टर अजून निघालेले नाहीत, त्यांनाच वॉर्डात पिटाळते. दोन तीळ, खाली आजची तारीख-वेळ आणि सही.

९.१०. दुचाकीचा अपघात. "मॅडम, पोलिसांचं यादीपत्र आलं नाही. टाके घालू?" इंटर्न विचारतो. घाल बाबा! परमानंद कटारा खटला अशाच एका स्कूटरस्वारावरून उभा राहिला. एमएलसी म्हणून जवळच्या रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटरवर पाठवलं, तो वाटेतच गेला. आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावलंय. पोलिसांना कळवायचं आपणच, आणि ठाणे अंमलदाराची पोच घ्यायची.

११.३०. बांधावरून भावकीत मारामारी. टाळूवर सहा सेंटिमीटरची जखम. "कोयत्याचाच घाव हाय, तसंच लिवा," चुलता दारातून सांगतो. जखम सरळ, चुलत्यावर विश्वास बसावा अशी. पण कवटीवरची कातडी काठीनेही कापल्यागत फाटते. केस भादरून भिंग धरलं: कडा चेचलेल्या, तळाशी पेशींचे धागे शाबूत. कोयत्याने ते तुटले असते. लिहिलं, "लॅसरेटेड, बोथट वस्तूने शक्य." चुलत्याचं म्हणणं हिस्ट्रीत, त्याच्याच शब्दांत, नावानिशी. साधी की गंभीर, हे एक्स-रे येईपर्यंत राखून. कलम त्यावर ठरतं म्हणून हवालदाराला घाई. त्याला चहा द्यावा, मत देऊ नये.

२.००. कीटकनाशक प्यालेली तरुणी. आधी अ‍ॅट्रोपिन. पोट धुतानाचं पहिलं पाणी सिस्टर बाटलीत धरतात. सील, लेबल, सही. नायब तहसीलदार जबाबाला येतात. ती शुद्धीवर आहे का, हे जबाबाआधी आणि नंतरही तपासून वेळेसह लिहिते. सासरची मंडळी बाहेर.

५.४०. ब्रॉट डेड. "अ‍ॅटॅकच होता, दाखला द्या." कारण मला माहीत नाही, दाखला मिळणार नाही. पोलिसांना फोन.

८.००. समन्स आलंय: उद्या सत्र न्यायालय. मारहाण २०२२ ची, म्हणजे गंभीर दुखापतीला वीस दिवसांची जुनी अट. १ जुलै २०२४ पासून ती पंधरावर आली. इंटर्नला सोबत नेणार आहे. त्याची उद्याची ओपीडी दुसऱ्याला लावून दिली.