कॅमेऱ्याचे फर्मवेअर: टाकावे की थांबावे?

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात लग्नसराई लागली की फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला उसंत नसते. त्यातच कंपनीचे नवे फर्मवेअर आले की प्रश्न पडतो: लगेच टाकावे का? फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम. फोकस, मेनू, रेकॉर्डिंग सारे त्याच्याच हुकुमावर चालते.

कॅननच्या ५डी मार्क टूचे उदाहरण बोलके आहे. २००८ साली आलेला हा कॅमेरा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमनेच घेई आणि शटर आपल्या मर्जीने ठरवी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकण्याचा धोका. २००९च्या अपडेटने व्हिडिओतही शटर हाताने ठरवता येऊ लागले. मार्च २०१०मध्ये २५ फ्रेमची सोय आली. २५ फ्रेम आणि १/५० शटर ही जोडी आपल्या विजेशी जुळते. मागणी पुरी झाल्याने फोटोग्राफर खूश झाले, पण त्या आवृत्तीत आवाजाच्या रेकॉर्डिंगचा दोष निघाला. कंपनीने ती मागे घेऊन सुधारित आवृत्ती दिली.

म्हणून घाई नको. कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच फाइल घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि अपडेट चालू असताना कॅमेरा बंद करू नका. नंतर फ्लॅश, लेन्स, दुसऱ्या कंपनीची बॅटरी आणि माइक तपासा. जुन्या आवृत्तीवर परतणे बहुतेकदा जमत नाही. मुहूर्ताच्या आदल्या रात्री अपडेट करूच नका.