शासनसातत्य, आपत्कालीन
युद्ध, भूकंप, महापूर, साथरोग यांसारख्या आपत्तीत प्रमुख पदाधिकारी, कार्यालये वा अभिलेख नष्ट किंवा निरुपयोगी झाले, तरी घटक राज्याच्या शासनाचे अत्यावश्यक कार्य कायदेशीर अधिकाराने चालू राहावे, म्हणून आधीच करून ठेवलेली योजना. मदतकार्याच्या योजनेहून ती भिन्न होय. मदतीचा आदेश कोणी द्यावयाचा आणि तो कोणत्या अधिकाराने, हा तिचा मूळ प्रश्न आहे.

या विषयाचा पद्धतशीर विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांत झाला. सोव्हिएट रशियाने १९४९ मध्ये अणुचाचणी केल्यानंतर, एकाच हल्ल्यात राजधानी व तेथील सर्व वरिष्ठ अधिकारी नाहीसे होण्याची शक्यता गृहीत धरावी लागली. वॉशिंग्टन राज्याने १९६२ मध्ये शत्रूच्या हल्ल्याच्या प्रसंगासाठी आपल्या संविधानात तरतूद केली. २०१९ मध्ये तिची व्याप्ती इतर महाभयंकर आपत्तींपर्यंत वाढविण्यात आली.

योजनेची प्रमुख अंगे तीन : (१) अधिकारक्रम : प्रत्येक महत्त्वाच्या पदाचे उत्तराधिकारी क्रमाने ठरविलेले असतात. कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या कायद्यानुसार स्थानिक नियामक मंडळाला आपल्या प्रत्येक सदस्यामागे तीन राखीव अधिकारी नेमता येतात. (२) पर्यायी स्थान : हे मूळ कार्यालयावरील संकटापासून दूर असावे लागते. न्यूयॉर्क शहराचे आपत्कालीन केंद्र जागतिक व्यापार केंद्राच्या संकुलातच होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी ते रिकामे करावे लागले व ती इमारतही कोसळली. (३) अभिलेख : मालमत्ता, न्यायदान व राज्यकोश यांसंबंधीच्या कागदपत्रांच्या प्रती अन्यत्र सुरक्षित ठेवतात. २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्सच्या फौजदारी न्यायालयाच्या तळघरातील पुरावे पुरात सापडले.

कोविड-१९ च्या साथीत या तरतुदींची कसोटी लागली. न्यू हॅम्पशरच्या ४०० सदस्यांच्या प्रतिनिधिगृहाने २०२० मध्ये विद्यापीठाच्या क्रीडागृहात बैठक घेतली. त्याच वर्षी २ डिसेंबरला निवडून आलेले सभापती डिक हिंच ९ डिसेंबरला त्या रोगाने मृत्यू पावले. तेव्हा उपसभापतींनी कार्यभार सांभाळला.

सातत्याच्या नावाखाली असाधारण अधिकार कायम होण्याचा धोका असतो. म्हणून त्यांना मुदत व विधिमंडळाचे नियंत्रण आवश्यक ठरते. ऑरेगनमध्ये २०१२ च्या संविधानदुरुस्तीनुसार राज्यपालाने महाआपत्ती घोषित केल्यास त्याला विधिमंडळ बोलवावे लागते. गणपूर्तीचा नियम त्या वेळी सैल होतो. मात्र विधिमंडळाने मुदत न वाढविल्यास हे विशेष अधिकार तीस दिवसांनी संपतात.

भारतात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये मुख्यमंत्री राज्य प्राधिकरणाचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. निकडीच्या वेळी तो प्राधिकरणाचे अधिकार वापरू शकतो. परंतु त्यास प्राधिकरणाची कार्योत्तर मान्यता लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागून अनेक कागदपत्रे जळाली. अभिलेखांच्या प्रती अन्यत्र ठेवण्याची निकड महाराष्ट्राला त्या घटनेने जाणवून दिली.