जपानमध्ये शिक्षक व्हायचंय? मग शाळेच्या दाखल्यावरचं 'माध्यम' आधी बघा

ते रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. पंचविशीतला परदेशी पोरगा, जपानमधल्या कुठल्याशा खेड्यातली शाळा. मुलं 'गुड मॉर्निंग' ओरडतात, दुपारी तो त्यांच्यासोबत वर्गातच जेवतो, शनिवारी ट्रेन पकडून डोंगर गाठतो. गडचांदूरच्या चौकात चहा पिता पिता ते बघणाऱ्या बीएड झालेल्या पोराच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, आपल्याले जमते काय हे?

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. महाराष्ट्रात २०१२ साली शिक्षक भरती बंद झाली. मग २०१७ ला अभियोग्यता चाचणी झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या कित्येकांची पंचविशी त्यातच गेली. त्यामुळे शिकवायची पदवी हातात असलेल्या माणसाने जपानचा विचार केला तर नवल नाही. उत्तर मात्र 'हो' किंवा 'नाही' इतकं सरळ नाही.

आधी रीलमधला तो पोरगा नेमकं काय काम करतो ते बघू. तो बहुतेक वेळा 'एएलटी' असतो, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर. जपानी शाळेत इंग्रजीचा मुख्य शिक्षक जपानीच असतो आणि एएलटी त्याच्या जोडीला उभा राहतो. उच्चार करून दाखवायचे, खेळ घ्यायचे, मुलांना बोलतं करायचं. त्याच्याकडे जपानी शिक्षकाचा परवाना असावा लागत नाही. जपान सरकारने १९८७ साली 'जेट' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून ही पद्धत देशभर पसरली. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरी-चौथीलाही त्याची तोंडओळख सुरू झाली, त्यामुळे गरज आणखी वाढली.

जेटमध्ये करार एका वर्षाचा असतो, वाढत वाढत जास्तीत जास्त ५ वर्षं. अर्ज साधारण शरद ऋतूत, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, रवानगी उन्हाळ्यात. विमानाचं तिकीटही तेच देतात. पण जेटमध्ये सगळ्यात मोठा भरणा अमेरिकनांचा, त्याखालोखाल ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे. भारतासाठी यंदा कोणती पदं आहेत हे नवी दिल्लीच्या जपानी दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघायचं, यूट्यूबवर नाही.

गाडी अडते ती इथे

शाळेत शिकवणाऱ्या परदेशी माणसाला जपान 'इन्स्ट्रक्टर' नावाचा निवासी दर्जा देतं. परदेशी भाषा शिकवायची असेल तर त्याच्या नियमात एक अट आहे: ज्या भाषेचे धडे देणार, त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं. ती भाषा 'विषय' म्हणून शिकणं पुरत नाही. अख्खं शिक्षणच त्या भाषेतून झालेलं हवं.

आता ही अट गडचांदूरला आणून ठेवा. सिमेंट कंपनीच्या कॉलनीतली इंग्रजी माध्यमाची मुलगी दहावी, बारावी आणि पदवी धरून १५ वर्षं दाखवू शकते. कोरपना किंवा जिवती तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला मुलगा अकरावी सायन्सपासून इंग्रजीत शिकला, तर बीएस्सी धरून त्याची वर्षं होतात ५. त्यात बीएडची दोन मिळवा, तरी ७. त्याचं इंग्रजी त्या मुलीपेक्षा चांगलं असेलही, पण कागद ते मोजत नाही. सेमी-इंग्लिशवाल्यांनी तर आधी दाखल्यावर माध्यम काय लिहिलंय ते बघावं.

मला ही अट अन्यायकारक वाटते. जपान तिला हटवणार नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्याने इंग्रजीच्या दारावर डोकं आपटण्यापेक्षा बाजूची दारं बघावीत.

पहिलं दार जपानी भाषेचं. जेटमध्येच 'सीआयआर' नावाचं दुसरं पद असतं. नगरपालिका किंवा प्रांताच्या कचेरीत बसून अनुवाद, परदेशी पाहुण्यांचं बघणं, शाळांमध्ये आपल्या देशाची ओळख करून देणं, असं त्याचं काम. तिथे इंग्रजी माध्यमापेक्षा जपानी किती येतं हे बघतात. अनुवाद, दुभाष्याचं काम किंवा कंपनीतली नोकरी यांचा निवासी दर्जा वेगळा, त्याला १२ वर्षांची अट नाही. जपानीची 'जेएलपीटी' परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत असते, जुलैत आणि डिसेंबरमध्ये. पुणे हे या परीक्षेचं देशातलं जुनं आणि मोठं केंद्र. एन-२ ला पोचायला तीन-चार वर्षांची घासाघीस धरून चाला. चित्रलिपी आहे, रट्टा मारल्याशिवाय गत नाही. एक गोष्ट मात्र मराठी माणसाच्या बाजूने आहे. जपानी वाक्याची ठेवण आपल्यासारखीच, कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी. 'मी भात खातो' हे जपानीतही त्याच क्रमाने येतं आणि 'ला', 'ने', 'चा' लावतो तसे प्रत्यय तिथेही शब्दाच्या मागेच लागतात.

दुसरं दार भारतीय शाळांचं. टोकियोत 'इंडिया इंटरनॅशनल स्कूल' २००४ पासून आणि 'ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल' २००६ पासून आहे. तिथे गणित-विज्ञानाचे भारतीय शिक्षक लागतात. अर्थात भारतात बीएड आणि इंग्रजीतून शिकवल्याचा अनुभव असेल तरच तिथे विचार होतो.

तिसऱ्या दाराबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. जपान सरकारची 'टीचर ट्रेनिंग' शिष्यवृत्ती नोकरीत असलेल्या शाळाशिक्षकांसाठी आहे. वय ३५ च्या आत आणि शिकवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. साधारण दीड वर्ष जपानी विद्यापीठात शिकायचं, त्यात सुरुवातीला भाषेचा वर्ग, आणि दरमहा सुमारे १ लाख ४३ हजार येन मिळतात. जिवतीच्या डोंगरातल्या शाळेवर काम करणाऱ्या तरुण गुरुजींना हे लागू पडू शकतं.

अंबरनाथचा माणूस जपानी शाळेचा मुख्याध्यापक

योगेंद्र पुराणिक हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं असेल. मूळचे अंबरनाथचे, पुण्यात जपानी शिकलेले, विद्यार्थी म्हणून जपानला जाऊन आलेले आणि मग नोकरीसाठी तिथेच राहिलेले. २०१२ साली त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं. २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून ते नगरसेवक म्हणून निवडून आले. त्याच वॉर्डातल्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. पुढे इबाराकी प्रांताने शाळांसाठी बाहेरून मुख्याध्यापक घ्यायचं ठरवलं, त्यातून त्यांची निवड झाली. २०२२ ला उपमुख्याध्यापक आणि २०२३ ला त्सुचिउरा फर्स्ट हायस्कूल या नावाजलेल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक.

ही बातमी आपल्याकडे 'मराठी माणसाचा झेंडा' म्हणून फिरली. नागरिकत्वाचा मुद्दा मात्र बहुतेकांनी ओलांडून टाकला. जपानच्या सरकारी शाळेत परदेशी नागरिक शिक्षकाची परीक्षा देऊ शकतो, १९९१ पासून कायम नोकरीही मिळू शकते, पण बहुतेक प्रांतांत त्याला 'पूर्णवेळ व्याख्याता' म्हणून घेतात. मुख्याध्यापकपदाच्या शिडीवर तो चढत नाही. पुराणिक चढले, कारण तोवर ते जपानी नागरिक होते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि जपानही मान्य करत नाही. म्हणजे तिथवर जायचं तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. चार-पाच वर्षांसाठी जाणं वेगळं आणि तिथलं होणं वेगळं. घरच्यांशी बोलताना कोणतं बोलतोय हे स्वतःला माहीत असलेलं बरं.

पैशाचं काय?

जेटचा पहिल्या वर्षाचा पगार कित्येक वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता, अलीकडे तो ४० लाखांच्या आसपास गेला. एका येनचे साधारण ५५-६० पैसे धरा. म्हणजे महिन्याला पावणेदोन ते दोन लाख रुपये, कर आणि विमा कापायच्या आधी. ऐकायला भारी, पण खासगी एजन्सीमार्फत शाळेत जाणाऱ्या एएलटीला यापेक्षा बरंच कमी मिळतं आणि काही करारांत उन्हाळी सुट्टीचा पगार कापला जातो. करार वाचताना ऑगस्टची ओळ आधी वाचा.

खासगी इंग्रजी क्लासचा धोका आणखी वेगळा. 'नोव्हा' ही तिथली सगळ्यात मोठी क्लासची साखळी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली आणि सुमारे ४ हजार परदेशी शिक्षक थकलेल्या पगारासह रस्त्यावर आले.

घर भाड्याने घेताना अनामत तर लागतेच, वर घरमालकाला 'रेइकिन' नावाची भेट द्यावी लागते, जी परत मिळत नाही. हमीदार कंपनीचे पैसे वेगळे. पहिल्याच महिन्यात चार-पाच भाडी उडतात. स्थानिक रहिवासी कर दुसऱ्या वर्षी जूनपासून सुरू होतो, आधीच्या वर्षाच्या कमाईवर. पहिल्या वर्षी बचत झाली म्हणून घरी सगळं पाठवलेला माणूस इथे सापडतो. आरोग्य विमा सक्तीचा असतो, दवाखान्यात ३० टक्के आपण भरायचे. ही व्यवस्था मला आवडली, कारण आजारपणात घर विकायची वेळ येत नाही.

शाळा, अस्वल आणि ट्रेन

जपानी शाळेत शिरताना बूट काढून आतले वेगळे घालायचे. वर्ग, जिना, संडास मुलंच झाडतात. जेवण मुलंच वाढतात आणि शिक्षक तेच खातो. आपल्या शाळेतल्या खिचडीची आठवण येईल, फक्त तिथे त्या अर्ध्या तासाला अभ्यासाइतकंच महत्त्व आहे. शाकाहारी असाल तर आधीच सांगा. वरणासारखं दिसणारं सूपही बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या पाण्यात शिजलेलं असतं.

एएलटीला टोकियो मिळेलच असं नाही, खेडं मिळण्याची शक्यता जास्त. आणि जपानी खेड्यांत मुलंच उरलेली नाहीत. तिथे दरवर्षी चारशेच्या वर सरकारी शाळा बंद होतात. कमी पटाच्या शाळांचा प्रश्न गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगायला नको. त्यामुळे एकच एएलटी आठवड्यात तीन-चार शाळा फिरतो. गाडी चालवावी लागते. भारतात काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, पुढे जपानी परवान्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून ती लेखी परीक्षा १० ऐवजी ५० प्रश्नांची झाली आहे.

आणि हो, वाघ नसला तरी अस्वल आहे. २०२५ मध्ये जपानात अस्वलांच्या हल्ल्यात दहाहून जास्त माणसं गेली, अकिता प्रांतात तर नोव्हेंबरमध्ये लष्कराची मदत घ्यावी लागली. उत्तरेकडच्या गावांत मुलं दप्तराला घंटी बांधून शाळेत जातात. ताडोब्याच्या बाजूच्या गावातून गेलेल्या माणसाला तरी याचं आश्चर्य वाटणार नाही.

फिरण्याबद्दल एक गैरसमज काढून टाका. रीलमध्ये दिसणारा 'जेआर पास' फक्त पर्यटकांना मिळतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी 'सेइशुन १८' नावाचं तिकीट आहे, शाळांच्या सुट्टीच्या हंगामात मिळणारं. ३ दिवसांचं १० हजार येन, ५ दिवसांचं १२ हजार ५०. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. बुलेट ट्रेन त्यात चालत नाही, साध्या पॅसेंजरने जायचं. बल्लारशाहून पॅसेंजरने फिरलेल्याला त्यात नवं काही नाही, फक्त गाडी मिनिटाला मिनिट वेळेवर येते.

भूकंपाचा सराव शाळेत होतो, त्यात परदेशी शिक्षकालाही धरतात. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत दोन अमेरिकन जेट शिक्षक गेले, इशिनोमाकीत टेलर अँडरसन आणि रिकुझेनताकातात माँटी डिक्सन. टेलरच्या आईवडिलांनी तिच्या नावाने तिथल्या शाळांना इंग्रजी पुस्तकांचे कोपरे करून दिले.

एजंट आला तर

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने ५ वर्षांत ५ लाख लोकांच्या ये-जा करण्याचं लक्ष्य जाहीर केलं, त्यात भारतातून ५० हजार कुशल मनुष्यबळ. ही बातमी आली की छोट्या गावांत 'जपानमध्ये टीचरची नोकरी, दोन लाख भरा' असे फलक लागायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टी तपासा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे आणि त्यांना उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. दुसरं म्हणजे खासगी नोकरीच्या व्हिसाआधी जपानच्या इमिग्रेशनकडून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी' निघतं. त्याचा अर्ज साधारणपणे तिथला मालक जपानमध्ये करतो, त्यावर तुमचं नाव आणि कामाचा दर्जा लिहिलेला असतो. एजंटला मालकाचं नाव विचारा, दर्जा कोणता ते विचारा. 'इन्स्ट्रक्टर' म्हणाला तर तुमची १२ वर्षं त्याने कशी मोजली, तेही विचारा.