आकाशातले दीपस्तंभ – लेखांक ६ : लष्कराचं जीपीएस, नाविकाचं जीपीएस

उपग्रहाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर अंतर काढतो, हे मागच्या लेखात आपण पाहिलं. या हिशेबात सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

अमेरिकी संरक्षण खात्याने नेमका याचाच उपयोग केला. शत्रूच्या हाती नेमकी जागा लागू नये म्हणून नागरी संदेशातली वेळ मुद्दाम किंचित मागेपुढे केली जाई. या योजनेचं नाव ‘सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी’. त्यामुळे धक्क्याला दोरखंडांनी जखडलेलं जहाजही पडद्यावर शंभरेक मीटरच्या परिसरात भटकताना दिसे. लष्करी रिसीव्हरकडे सांकेतिक किल्ली असल्याने त्यांना ही चूक बाधत नसे. भर समुद्रात शंभर मीटर चालून जातात. बंदराच्या अरुंद वाटेत तेवढ्यात जहाज खडकावर चढतं.

यावर तोडगा काढला तो अमेरिकेच्याच तटरक्षक दलाने. किनाऱ्यावरच्या ठरावीक जागी रिसीव्हर बसवायचा, त्याची खरी जागा आणि उपग्रहांवरून निघालेली जागा यांतला फरक मोजायचा आणि ती दुरुस्ती रेडिओवरून जहाजांना कळवायची. हेच डिफरन्शियल जीपीएस. चूक दहा मीटरच्या आत आली. भारताच्या किनाऱ्यावरही दीपगृह खात्याने अशी केंद्रं उभारली.

१ मे २००० च्या मध्यरात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्यात आली. मग लष्कराकडे जास्तीचं काय उरलं? दोन वारंवारतांचे संदेश ताडून आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, होणारा विलंब वजा करण्याची सोय. पण आता ती नागरी रिसीव्हरमध्येही येते आहे. मीटरांतला फरक असा झपाट्याने आटला.

खरा फरक उरला आहे तो विश्वासार्हतेचा. लष्करी संदेश सांकेतिक असल्याने त्याची नक्कल करणं फार अवघड. नागरी संदेशाची रचना मात्र जगजाहीर आहे. तसाच, पण जास्त जोरदार संदेश सोडला की रिसीव्हर त्याच्यामागे जातो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, रशियाच्या नोव्होरोसिस्कजवळ, वीसहून अधिक जहाजांची यंत्रं आपली जागा जमिनीवर, गेलेंजिक विमानतळावर दाखवत होती.

तिथे चूक ढळढळीत होती, म्हणून कप्तानांच्या लक्षात आली. जागा जेमतेम अर्धा मैल सरकवली असती, तर? आकडा दशांशापर्यंत दिसतो म्हणून तो खरा ठरत नाही. म्हणूनच रडारवरची किनाऱ्याची रेघ, दीपगृहाची दिशा आणि पाण्याची खोली यांच्याशी जीपीएसची जागा ताडून पाहणं, हे आजही नाविकाचं पहिलं कर्तव्य आहे. किल्ली हाती नसलेल्यांना तेच संरक्षण.

पुढील आठवड्यात : नागरी आणि मर्यादित अशा दोन सेवा देणारी आपली ‘नाविक’ प्रणाली.