शुक्रवारची मॅच : जर्मन खेड्यांतलं टेबल टेनिस

२००५ आणि २००६, लागोपाठ दोन वर्षं टेबल टेनिसची युरोपीय चॅम्पियन्स लीग जिंकली ती ग्योनर्नच्या क्लबानं. ग्योनर्न हे जर्मनीच्या हेसेन राज्यातलं एक खेडं. संघात टिमो बोल, यॉर्ग रॉसकॉफ आणि सर्बियाचा स्लोबोदान ग्रुयिच. बोल या क्लबात आला तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि ओडेनवाल्ड भागातलं ह्योख्स्ट हे आपलं गाव सोडायला तयार नव्हता. तेव्हा क्लबानं संघाचा सरावच ह्योख्स्टला हलवला. जानेवारी २००३मध्ये हा मुलगा जगात पहिल्या क्रमांकावर गेला.

बोलची ही गोष्ट जर्मनीत सगळ्यांना पाठ आहे. पण पोरासाठी सराव हलवायची बुद्धी गावच्या क्लबाला सुचते, ती तिथल्या खालच्या पातळीवरच्या खेळामुळे, असं मला वाटतं. त्या पातळीला ‘क्राइसक्लासे’ म्हणतात. क्राइस म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग. तिथून जिंकत, वर चढत गेलं तर बुंडेसलिगापर्यंत, म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगपर्यंत, वाट मोकळी आहे. शिडी एकच आहे, आणि तिच्या तळाशी खेळणाऱ्यांनाही वेळापत्रक, गुणतक्ता, बढती आणि घसरण सगळं लागू असतं.

हा खेळ खेड्यांत रुजला त्याला जागेचंही कारण आहे. १९५०च्या दशकात, गेओर्ग आउगुस्ट त्सिन मुख्यमंत्री असताना, हेसेन सरकारनं गावोगावी समाजगृहं बांधायला मदत केली. कपडे धुण्याची यंत्रं, न्हाणीघरं आणि एक सभागृह, सगळं एका छपराखाली. अशा सभागृहात फुटबॉल मावत नाही. घडीची दोन टेबलं मात्र आरामात मावतात, आणि सोमवारी गायनमंडळाला हॉल हवा असेल तर ती भिंतीशी सरकवता येतात. बाहेर लवकर अंधारतं, बर्फ पडतं. सप्टेंबर ते एप्रिल हा टेबल टेनिसचा हंगाम त्या हवेला चपखल बसतो.

मॅच बहुतेक कामाच्या दिवशीच, संध्याकाळी. यजमान आधी येऊन टेबलं उघडतात, जाळीची उंची मापून घेतात. १५.२५ सेंटिमीटर, इथे तडजोड नाही. दोन्ही संघ समोरासमोर रांगेत उभे राहतात आणि कप्तान नावं वाचतो. पंच नसतो, ज्याची पाळी नाही तो आकड्यांची पानं उलटत गुण मोजतो, प्रतिस्पर्ध्याचेसुद्धा. चौघांच्या संघात दोन डबल्स आणि आठ सिंगल्स होतात. पहिले दोघे समोरच्या पहिल्या दोघांशी खेळतात, तिसरा-चौथा तिसऱ्या-चौथ्याशी. त्यामुळे संघातल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूलाही त्याच्या तोडीचा माणूस मिळतो आणि त्याच्या गुणाचं मोल पहिल्याच्या गुणाइतकंच असतं. मला या खेळातलं हे सगळ्यात न्याय्य वाटतं.

एका टेबलावर सत्तरीचा माणूस आणि सतरा वर्षांचा मुलगा हे दृश्य नेहमीचं. मुलगा टॉपस्पिन मारतो. म्हातारबाबा जागचे न हलता लाँग पिंपलच्या, म्हणजे लांब दाण्यांच्या, रबरानं चेंडू नुसता अडवतात आणि फिरकी उलटून परत येते. मुलगा पुन्हा जोरात मारतो, चेंडू जाळीत. तिसऱ्या गेमपर्यंत त्याला कळतं की इथे हळू खेळायला हवं. बॅटवरच्या आवरणाची अशी करामत मुंबईकरांनी फार आधी पाहिली आहे. १९५२ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, तिथे जपानच्या हिरोजी सातोहनं जाड स्पंजची बॅट आणून पुरुष एकेरीचं विजेतेपद नेलं आणि पुढे सगळा खेळच बदलला.

निकाल संगणकावर भरला की प्रत्येकाचा ‘टीटीआर’ आकडा हलतो. हिशेब बुद्धिबळातल्या इलो मानांकनासारखा : समोरच्याहून दीडशे गुणांनी वर असाल तर अकरांपैकी दहा वेळा जिंकणं अपेक्षित. हरलात तर दणका मोठा. संघांची क्रमवारी लावायला धरला जाणारा अधिकृत आकडा वर्षातून चारदा ठरतो : ११ फेब्रुवारी, ११ मे, ११ ऑगस्ट, ११ डिसेंबर. या तारखा क्राइसक्लासेतल्या सुतारालाही तोंडपाठ असतात.

लीगबाहेर क्लबाची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते. डबल्सच्या जोड्या बरेचदा चिठ्ठ्या टाकून, तगड्याबरोबर नवखा. आणि असते ती ‘ब्रेटशेन’ स्पर्धा, माझी सर्वांत आवडती. बॅट वर्ज्य, न्याहारीला पाव कापायची लाकडी फळी घेऊन खेळायचं. अग्निशमन दल, फुटबॉलवाले, गायनमंडळ, सगळ्यांचे संघ येतात. लाकडाला फिरकी लागत नाही, त्यामुळे क्लबातल्या पट्टीच्या खेळाडूची निम्मी विद्या निकामी होते आणि बेकरीवाली बाई उपान्त्य फेरीत पोहोचू शकते. बारा वर्षांपर्यंतच्या, अजून क्लबाकडून न खेळणाऱ्या मुलांसाठी १९८३पासून ‘मिनी’ अजिंक्यपद स्पर्धा चालते : गाव, क्राइस, विभाग, राज्य आणि शेवटी देशाची अंतिम फेरी.

राष्ट्रीय संघटनेचे सदस्य आजही पाच लाखांच्या वर आहेत, पण १९८०च्या दशकाच्या मानानं हा आकडा बराच उतरलेला आहे. तरुण शहराकडे जातात. सहाजणांचे संघ चारजणांचे झाले. शेजारच्या दोन गावांनी मिळून एक संघ उतरवणं आता सर्रास चालतं. बऱ्याच राज्यांत बायकांना पुरुषांच्या संघातून खेळू देतात. हा निर्णय मला आणखी आधी व्हायला हवा होता असं वाटतं, कारण चौथा माणूस नाही म्हणून संघ काढून घ्यायची वेळ त्यामुळे टळू शकते.

१५ जून २०२५ला बोल फ्रँकफर्टमध्ये शेवटची मॅच खेळला, बुंडेसलिगाची फायनल. तेव्हा त्याचा संघ ड्युसेलडोर्फ शहराचा. जिंकला तो ओक्सेनहाउझेन, सुमारे नऊ हजार वस्तीच्या गावाचा क्लब.